शेतकऱ्यांचे यंत्रकार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले आहेत. शहापूरच्या अंगाला माहुलीचे उंच सुळके उभे आहेत. मुरबाडच्या पूर्वेस माळशेज आणि नाणेघाट यांच्या वाटा डोंगर चढून जुन्नरच्या मुलुखात उतरतात. आषाढ-श्रावणात या प्रदेशावर पावसाची अखंड झोड उठते. ओढे फुगतात, भातखाचरे तुडुंब भरतात, भातसा आणि काळू या नद्या दुथडी भरून वाहू लागतात. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा तलाव बांधून पुरा झाला आणि येथे पडणाऱ्या पावसाचे पाणी नळांतून थेट मुंबईपर्यंत जाऊ लागले.

परंतु याच तालुक्यांतील कितीतरी पाड्यांवर चैत्र-वैशाखात पाण्यासाठी वणवण करावी लागते. येथील जमिनीखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी थोडेच मुरते. उरलेले उतारावरून धावत समुद्राकडे निघून जाते. उन्हाळा येताच विहिरी तळाला लागतात आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेतलेल्या स्त्रिया दूरवरच्या विहिरीची वाट धरतात. तेथे पोहोचल्यावरही कष्ट संपत नाहीत. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलोग्रॅमचे ओझे. पोहरा सोडावयाचा, तो बुडू द्यावयाचा आणि दोर हातावर घेत घेत वर ओढावयाचा. एका कुटुंबाला पुरेल एवढे पाणी काढावयाचे म्हणजे हे काम रोज कितीतरी वेळा करावे लागते. दोराने तळहाताला घट्टे पडतात, आणि कठड्यावर वाकताना तोल जाण्याचे भय असतेच.

जमिनीच्या पोटातील पाणी वर कसे आणावे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. विहिरींवर पोहरा आला, मग बैलांची मोट आली, मग गाडग्यांची माळ फिरविणारा रहाट आला. या साधनांच्या मालिकेतच एक छोटे, एकट्या माणसाने हाताने चालवावयाचे यंत्र आहे. पुस्तकांत त्याला हातपंप म्हणतात. खेड्यात त्याला हापसा म्हणतात. अशी साधी यंत्रे आपल्याच देशात, आपल्याच कारागिरांच्या हातून बनवून ती खेड्यातील माणसाच्या स्वाधीन करावीत, या ध्यासाने ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे हे चरित्र आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने शिकून विद्वान व्हावे, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता आणि एखादी वस्तू कशी चालते हे उघडून पाहण्याची हौस होती. अखेर थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्याची बाजू घेतली, आणि १८८५ च्या सुमारास हा तरुण चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जाऊन सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला.

तेथे त्यांच्यावर एक अनपेक्षित आघात झाला. रेषा त्यांच्या हातून सुरेख उतरत. परंतु रंग भरण्याची वेळ आली की गोंधळ होई. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नसे. हा दोष जन्मजात होता आणि त्यावर उपाय नव्हता. ज्या विद्येसाठी घर सोडले, तीच विद्या निसर्गाने नाकारली होती. अशा वेळी दुसरा एखादा तरुण निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय नाही याचा शोक न करता काय आहे याचा विचार केला. रंग साथ देत नव्हते, पण रेषा देत होत्या. आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास आरंभिला. त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

शिकविण्याचे काम संपले की ते स्वतः विद्यार्थी होत. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे त्यांनी न्याहाळली, हाताळली, त्यांची रचना समजून घेतली. यंत्र नुसते डोळ्यांनी पाहून कळत नाही, ते सोडून पुन्हा जोडावे लागते, हा धडा त्यांनी येथे घेतला.

याच काळात बेळगावास रामूअण्णांसह त्यांनी एक लहानसा व्यवसाय सुरू केला होता. १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव प्रथम झळकले ते सायकलींच्या दुकानावर. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या विकून लोकांना चालविण्यास शिकवावे, असा क्रम काही वर्षे चालला. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. गुणांपेक्षा वंशाला मान देणारी ही चाकरी त्या स्वाभिमानी माणसाला रुचली नाही. त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि ते बेळगावास परतले.

सायकली विकून पोट भरले असते. परंतु दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. आजूबाजूला पाहिले तर सारा देश शेतीवर जगत होता, आणि शेतकऱ्याची अवजारे मात्र शेकडो वर्षांपूर्वी होती तशीच होती. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला जाई आणि त्यातील बराचसा पायाखाली वाया जाई. म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. नंतर त्यांनी लोखंडी नांगराला हात घातला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरीत असे. लोखंडी नांगर ती खोल फोडून उलथून टाकी. यंत्र उत्तम होते. आता शेतकरी ते घेतील, अशी त्यांची खात्री होती.

परंतु शेतकरी नांगर घेईनात. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी समजूत गावोगाव पसरलेली होती. नांगर दुकानात तसेच पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! ही दोन वर्षे मोठ्या कसोटीची होती. घरात पैसा नव्हता, आणि लोकांचा विश्वासही नव्हता. तरी लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष दिला नाही. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला सहजासहजी हात लावणार नाही, हे त्यांनी ओळखले. अशा माणसाला वादाने जिंकता येत नाही. शेतात नांगर चालवून आणि पीक उभे करूनच त्याची खात्री पटवावी लागते. हळूहळू तशी खात्री पटली आणि मागणी येऊ लागली.

जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट ओढवले. बेळगावची वस्ती वाढविण्यासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. ती सोडावी लागणार, हे ठरले. भट्टी, यंत्रे, कारागीर यांना घेऊन जावयाचे कोठे? यावेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावून आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि गुणांची पारख त्यांना होती. औंध येथील देवीच्या मंदिरासाठी सभामंडप बांधण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले होते. आता त्यांनी आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा आणि आर्थिक साहाय्यही देऊ केले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन निवडली.

ही जमीन म्हणजे एक उजाड माळ होता. जिकडे तिकडे निवडुंग माजला होता आणि त्यात नागांची वसती होती. १० मार्च १९१० रोजी या माळावर नव्या वसाहतीचा आरंभ झाला. लक्ष्मणरावांवर भरवसा ठेवून २५ कामगार आपल्या कुटुंबांसह त्यांच्या मागोमाग आले. धन्याचा बेत फसला असता तर ही सारी कुटुंबे उघड्यावर पडली असती. याची जाणीव लक्ष्मणरावांना होती, आणि म्हणून कारखान्याइतकेच लक्ष त्यांनी माणसांकडे पुरविले. निवडुंग तोडून जागा मोकळी झाली, घरे उभी राहिली, झाडे लागली. या माळाचेच पुढे किर्लोस्करवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, आणि रेल्वे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते.

किर्लोस्करवाडीत माणसाची किंमत त्याच्या जातीवरून ठरत नसे. अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. लक्ष्मणरावांची माणसावरील श्रद्धा इतकी दृढ होती, की तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून लोक आपली मालमत्ता लपवीत, त्यांच्याच हाती वसाहतीचे रक्षण सोपविले गेले. आणि त्या माणसांनी हा विश्वास सार्थ केला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती माल येणे अवघड झाले आणि किर्लोस्करांच्या नांगरांची मागणी वाढली. लोखंड आणि कोळसा यांची टंचाई असतानाही कारखाना चालू राहिला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, रहाट आणि हातपंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची नाना यंत्रे किर्लोस्करवाडीतून बाहेर पडू लागली.

यांपैकी हातपंपाची रचना समजून घेण्याजोगी आहे. कारण थोड्या भागांतून मोठे काम कसे साधता येते, हे त्यावरून ध्यानात येते. हातपंपात एक उभे नळकांडे असते. त्याच्या तळाशी एक झडप असते. ती फक्त वरच्या बाजूला उघडते. नळकांड्यात एक दट्ट्या वरखाली सरकतो, आणि त्या दट्ट्यालाही तशीच एक झडप असते. आपण दांडा खाली दाबला की त्याचे दुसरे टोक दट्ट्याला वर खेचते. दट्ट्यावरील पाणी वर उचलले जाते, आणि दट्ट्याखाली पोकळी होऊ लागताच तळाची झडप उघडून विहिरीचे पाणी आत शिरते. दांडा वर केला की दट्ट्या खाली येतो. तळाची झडप मिटते आणि आत आलेले पाणी दट्ट्याच्या झडपेतून त्याच्या वर जाते. पुन्हा दांडा दाबला की ते पाणी तोटीतून बाहेर पडते. दांडा म्हणजे एक तरफच होय. त्याची आपल्याकडची बाजू लांब आणि दट्ट्याकडची आखूड असते; म्हणून लहान मुलालाही आपल्या बळाने पाणी उपसता येते.

पाणी पोकळीत वर का चढते, याचे कोडे जगाला बराच काळ उलगडले नव्हते. पंपाने पाणी ठरावीक उंचीच्या वर ओढता येत नाही, हा कारागिरांचा अनुभव होता. १६४३ साली इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने पाऱ्याची नळी घेऊन प्रयोग केला आणि आपल्या भोवतालची हवाच पाण्याला वर ढकलते, हे त्यातून स्पष्ट झाले. हवेचा दाब सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरतो. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड आहे. म्हणून तोच दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. प्रत्यक्षात पंपाच्या सांध्यांतून थोडी हवा शिरतेच. त्यामुळे वर बसविलेला साधा पंप सुमारे ७ मीटरपर्यंतच नीट काम देतो. विहीर याहून खोल असेल तर नळकांडे व दट्ट्या खाली पाण्यातच उतरवावे लागतात. मग पाणी नुसते ओढले जात नाही. ते खालून उचलले जाते.

अशा यंत्राचा खरा कस ते नवे असताना लागत नाही. दट्ट्याभोवती पाणी निसटू नये म्हणून कातड्याची चकती बसविलेली असते. ती वापराने झिजते. ती गावातल्या गावात बदलता आली तर पंप वर्षानुवर्षे चालतो; न आली तर दोन आण्यांच्या चकतीपायी सारे लोखंड गंजत पडते. ज्याला यंत्र वापरावयाचे आहे, त्याला ते समजले पाहिजे आणि त्याच्या हाताला ते पेलले पाहिजे. नांगराने दोन वर्षे शिकविलेला हा धडा पंपालाही तितकाच लागू आहे.

मात्र, साधेपणाचा आग्रह धरताना लक्ष्मणराव नव्या विद्येला पाठमोरे झाले नाहीत. हाताने काढलेले पाणी घराला पुरते. शेताला ते पुरत नाही. १९२६ साली किर्लोस्करवाडीत केंद्रोत्सारी पंप तयार झाला. यात दट्ट्या नसतो. वेगाने फिरणारे पात्यांचे चाक पाणी बाहेर फेकते आणि त्याच्या मागोमाग विहिरीतले पाणी सतत वर येत राहते. हे चाक फिरविण्यासाठी पुढे तेलावर चालणारी एंजिनेही तेथे बनू लागली. याच १९२६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले आणि वडिलांच्या कार्यात सामील झाले. किर्लोस्करांच्या उद्योगाचा विस्तार हरिहर, पुणे, बंगलोर येथवर झाला. ज्या शेतात बैलांची जोडी दिवसभर मोट ओढीत असे, तेथे पंपाच्या पाण्यावर मळे डोलू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. एका निवडुंगाच्या माळावर कष्टणाऱ्या यंत्रकाराचा हा राष्ट्राने केलेला गौरव होता.

त्यांच्या पश्चात १९७२ साली महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. उथळ विहिरी आटल्या आणि खोल विंधण विहिरी घेणे भाग पडले. घरगुती वापराचे हलके हातपंप गावाच्या सततच्या वापरापुढे टिकेनात. तेव्हा सोलापूर येथे तयार झालेल्या एका भक्कम हातपंपाच्या आधारे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध करण्यात आला. तो पुढे भारतभर, आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही, उभा राहिला. त्यामागचा विचार लक्ष्मणरावांच्या ओळखीचाच होता : यंत्र येथेच बनावे, ते मजबूत असावे आणि ज्याच्यासाठी ते आहे त्याच्या हातून चालावे.

आज शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांवरही असे पंप दिसतात. दांडा हलला की तोटीतून पाण्याची धार पडते आणि दोर ओढण्याचे कष्ट वाचतात. परंतु पंप पाणी निर्माण करीत नाही. जमिनीने जे साठवून ठेवले असेल तेच तो वर आणतो. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की उत्तम पंपही नुसता खडखडतो. म्हणून पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी अडविणे आणि जिरविणे, हे काम यंत्राने होणारे नाही. ते गावाने मिळून करावयाचे आहे. लोखंडाची तयारी लक्ष्मणरावांसारख्या यंत्रकारांनी करून दिली. पाण्याची तयारी करणे आपल्या हाती आहे.